मुलाखतीत उमेदवार खोटं सांगतोय असं दिसलं, तर नेमकं काय करावं?

कुपवाड_एचआर

नमस्कार. कुपवाड एमआयडीसीतल्या साठेक माणसांच्या मशीन शॉपसाठी भरती सुरू आहे. दोन सीएनसी सेटर (संगणकावर चालणारं मशीन कामासाठी लावून देणारे), एक क्वालिटी इन्स्पेक्टर आणि एक अकाउंटंट अशा जागा आहेत. अर्ज भरपूर येतात, पण ऑपरेटरनं, म्हणजे लावून दिलेलं मशीन नुसतं चालवणाऱ्यानं, स्वतःला सेटर म्हणवणं, दीड वर्षाची चार वर्षं करणं, आधीचा पगार फुगवून सांगणं हे सर्रास दिसतं. कधीकधी आयटीआयचं प्रमाणपत्रच बघताक्षणी खटकतं.

मालकांचं मत असं की, खोटं सापडलं की तिथंच सुनवायचं आणि वाटेला लावायचं. प्रॉडक्शनवाले म्हणतात, हात चालतोय ना, मग कागद कशाला चिवडता? मला दोन्ही पटत नाही. शंका आली तर तोंडावर विचारावं का, आणि कोणत्या शब्दांत? कुठलं खोटं सोडून द्यावं, कुठल्यावर थांबावं? एजन्सी लावून पडताळणी करणं आम्हाला परवडणारं नाही, तर स्वतःला करता येईल असं काय आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

बोअर_गेज

ताई, सेटरच्या जागेसाठी खोटं पकडायच्या मागे लागूच नका. टेबलावर ड्रॉइंग, एक जॉब (मशीनवर बनवलेला भाग) आणि मोजमापाची साधनं ठेवा. ज्यानं काम केलंय आणि ज्यानं नुसतं बघितलंय, त्यांच्यातला फरक वीस मिनिटांत उघडा पडतो.

ड्रॉइंगवर दोनच मापं पुरेत. शाफ्टचा व्यास ४०, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लहान एच-६, म्हणजे ४०.००० ते ३९.९८४ मिमी. आणि बोअर (आतलं भोक) २५, मोठा एच-७, म्हणजे २५.००० ते २५.०२१. शेजारी ०.०२ लीस्ट काउंटचा व्हर्नियर, २५-५० चा मायक्रोमीटर, त्याचा २५ चा स्टँडर्ड, बोअर डायल आणि गो-नोगो प्लग गेज (भोक मापात आहे की नाही एवढंच सांगणारं) ठेवा. काही न सांगता म्हणा, "हे दोन्ही मोजून सांगा."

पहिली गोष्ट बघायची ती हात कुठं जातो. बोअरसाठी व्हर्नियर उचलला, तर त्यानं अशा टॉलरन्सचं काम स्वतः पास केलेलं नाही. टॉलरन्सच २१ मायक्रॉन (०.०२१ मिमी) आणि व्हर्नियरचा एक भाग २० मायक्रॉनचा, त्यानं काय कळणार? मायक्रोमीटर हातात घेतल्यावर आधी स्टँडर्ड लावून झिरो बघतो का, हेही बघा. ही सवय पाठ करून येत नाही.

मग ऑफसेट, म्हणजे माप सुधारायला मशीनमध्ये भरायचा फरक. "जॉब ४०.०३ आला. वेअर ऑफसेटमध्ये काय भराल?" चांगला सेटर मधलं माप धरतो, ३९.९९२, आणि उणे ०.०३८ च्या आसपास सांगतो. उणे ०.०३ म्हणणारा अगदीच चुकला असं नाही, पण जॉब बरोब्बर वरच्या मर्यादेवर बसेल आणि टूल जरा झिजलं की माप बाहेर जाईल. त्याला "पुढच्या वीस जॉबांचं काय होईल?" असं विचारा, स्वतः सावरला तर उत्तमच. उणे ०.०१९ सांगणारा मात्र निम्मा आकडा सांगतोय. टर्निंग मशीनवर एक्सचा ऑफसेट बहुतेक ठिकाणी व्यासावरच भरतात, आणि रोज ऑफसेट मारणाऱ्याची यात गफलत होत नाही.

व्हीएमसीचा (उभ्या मिलिंगच्या सीएनसी मशीनचा) अनुभव लिहिला असेल तर एवढंच विचारा, "जी४३ सोबत एच नंबर चुकीचा गेला तर काय होईल?" जी४३ हा टूलची लांबी धरायचा कोड आणि एच नंबर म्हणजे कुठली लांबी; तो चुकला की टूलची लांबी चुकीची धरली जाणार. कुठल्या बाजूनं चुकली त्यावर टूल जॉबमध्ये घुसेल नाहीतर हवेत कापत बसेल. ज्यानं सेटिंग केलंय तो लगेच दोन्ही शक्यता सांगतो. सॉफ्ट जॉ (जॉब पकडणाऱ्या चकचे मऊ जबडे) बोअर करताना चकमध्ये काय पकडता, हाही तसाच प्रश्न. रिंग किंवा डमी तुकडा पकडून जॉ दाबात घेतले नाहीत तर त्यांचा ढिलेपणा तसाच राहतो आणि जॉब तिरका पळतो.

दोन पथ्यं पाळा. उमेदवाराला सायकल स्टार्ट (मशीन चालू करायचं बटण) दाबू देऊ नका. ऑफसेटच्या पानापर्यंत नेलं तरी पुरे, आणि शेजारी तुमचा सेटर उभा असावा. दुसरं, चाचणीच्या नावाखाली त्याच्याकडून विक्रीचा माल काढून घेऊ नका. खरेपणा मागायचा तर आपला व्यवहारही स्वच्छ लागतो.

हजेरीपट

वरचा प्रतिसाद मोलाचा आहे. मी कागदांचं लिहितो, कारण इथं दोन्ही बाजूंनी चुका होतात. खोटं सुटतं आणि खरा माणूस उगाच खोटा ठरतो.

अनुभव तपासायचा सर्वांत भरवशाचा आणि फुकटचा मार्ग म्हणजे पीएफ. बारा आकडी यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) असलेल्या प्रत्येकाला सदस्य पोर्टलवर स्वतःची सर्व्हिस हिस्टरी दिसते: कोणत्या आस्थापनेत, कधीपासून, कधीपर्यंत. पासबुकात महिन्यागणिक जमा दिसते. उमेदवाराला त्याच्या मोबाइलवर, त्याच्याच हातानं उघडायला सांगा. पासवर्ड किंवा ओटीपी तुम्ही मागायचा नाही, आणि त्याच्या परवानगीशिवाय स्क्रीनचा फोटोही काढायचा नाही. अनुभवपत्र कुणीही छापून आणतो. तीन वर्षांचा महिनेमहिने पीएफ मागाहून उभा करणं सोपं नाही.

पण पासबुक वाचताना घाई नको. या गोष्टी माहीत असू द्या.

कंपनीऐवजी कंत्राटदाराचं नाव दिसतं. एमआयडीसीत हे नेहमीचंच आहे. पोरगा चार वर्षं एकाच गेटातून आत गेला, पण रोल (हजेरीपटावरचं नाव) कंत्राटदाराचा, आणि कंत्राट बदललं की नावही बदललं. त्यानं कंपनीचं नाव सांगितलं तर ते खोटं नव्हे. ॲप्रेंटिस कायद्याखालच्या शिकाऊ काळाचा पीएफ कापला जात नाही, त्यामुळं ते वर्ष कोरं दिसेल. वीसपेक्षा कमी माणसांच्या युनिटला पीएफ सहसा लागूच नसतो, आणि छोटी वर्कशॉपं बहुतेक त्यात मोडतात. काही मोठ्या कंपन्यांचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असतो, तिथली जमा सरकारी पासबुकात दिसत नाही. अशा वेळी हजेरी कार्ड, ईएसआयचा (कामगार आरोग्य विम्याचा) विमा क्रमांक, पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट, यांतलं काहीतरी मागा.

साखर कारखान्यातून आलेल्यांचंही तसंच. "पाच वर्षं" म्हणजे पुष्कळदा पाच गळीत हंगाम. तो त्याच्या परीनं खरंच बोलतोय. महिने मोजून घ्या आणि पुढं चला.

पगाराची पडताळणी पीएफवरून करायला गेलात तर फसाल. पीएफची सध्याची वेतनमर्यादा, म्हणजे जेवढ्या पगारावर तो कापणं सक्तीचं आहे, १५,००० ची आहे. अनेक कंपन्या तेवढ्यावरच कापतात, म्हणजे कामगाराचे १,८०० आणि कंपनीच्या वाट्यातले १,२५० पेन्शनला, ५५० पीएफला. पगार अठरा हजार असो की अडतीस हजार, पासबुकात तेच आकडे. पगार बघायचा तर सलग तीन महिन्यांच्या स्लिपा आणि त्याच तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट शेजारी ठेवा. निव्वळ पगाराचा आकडा रुपयापर्यंत जुळला पाहिजे. बनावट स्लिप बहुधा इथंच उघडी पडते. बेरीज जुळत नाही, नाहीतर व्यावसायिक कर कापलेलाच नसतो.

शिक्षणाचं म्हणाल तर डिजिलॉकर (कागदपत्रांचं सरकारी ॲप) बघा, पण बघताना एक खुबी लक्षात ठेवा. "इश्यूड" भागात आलेला कागद थेट देणाऱ्या संस्थेकडून आलेला असतो. "ड्राइव्ह"मध्ये उमेदवारानं स्वतः चढवलेला स्कॅन असतो, त्याला शून्य किंमत. आयटीआयच्या प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर जे पान उघडतं त्याचा पत्ता वाचा. सरकारी पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह डॉट इन असतं. बनावट कोड बनावट पानावर नेतो आणि तिथं हिरवी टिकही दिसते. तरीही शंका उरली तर संबंधित आयटीआयला पत्र देऊन प्रवेश आणि उत्तीर्णतेची नोंद विचारा. सांगली, मिरज, इस्लामपूर, कराड इतक्या अंतरावर माणूस पाठवायला काय लागतं?

उलट बाजूही सांगतो. साताऱ्याच्या कॉलेजचा विद्यार्थी आणि पदवी कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाची, हे बघून दचकू नका. ते २०२१ साली स्थापन झालेलं सरकारमान्य समूह विद्यापीठ (काही कॉलेजं मिळून झालेलं) आहे. इंजिनिअरिंग कॉलेज सांगली-साताऱ्याकडचं आणि पदवी लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची, हेही बरोबरच. आणि लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या कागदांवर दोन नावं असणारच. राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र बघा आणि विषय संपवा.

अजिंक्यतारा

मला तुमच्या मूळ प्रश्नावर लिहायचंय: तोंडावर विचारावं का? विचारावं. पण आरोप म्हणून नाही, विसंगती म्हणून.

त्याआधी एक गैरसमज काढून टाकू. "चेहऱ्यावरून कळतं" असं मानणारे मुलाखतकार सर्वांत जास्त चुकतात. २००६ साली चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो यांनी खोटं ओळखण्यावरचे ढीगभर प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा माणसांचा अंदाज सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघाला. म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा किंचित बरा. आपल्याकडं तर आणखी घोळ होतो. जत-आटपाडीकडचा, माण-खटावकडचा पोरगा साहेबांसमोर नजर खाली ठेवून, अडखळत बोलतो. ती अदब आहे. आणि पन्नास मुलाखती दिलेला डोळ्याला डोळा भिडवून बिनधास्त खोटं सांगतो. नजर, घाम, हातांची चुळबुळ यांना गुण देणं बंद करा.

विचारायची रीत अशी ठेवा. अर्जातली ओळ आणि कागदावरची ओळ, दोन्ही त्याच्यासमोर ठेवायच्या. "अर्जात मार्च २०२२ लिहिलंय, पासबुकात ऑक्टोबर दिसतंय. मधले महिने कसे होते ते सांगता का?" मग गप्प बसायचं. आपणच "कंत्राटावर होता का?" असं सुचवायचं नाही, नाहीतर तो हो म्हणून मोकळा होतो. उत्तर आलं की शब्दशः लिहून घ्यायचं आणि त्याला वाचून दाखवायचं. तपासता येईल असं काही त्यात आहे का, एवढंच बघायचं. "तेव्हा फाउंड्री शॉपच्या कंत्राटदाराकडं होतो, हजेरी कार्ड घरी आहे" हे तपासता येतं. "तेव्हा असंच इकडं तिकडं" हे येत नाही. कार्ड आणायला दोन दिवस द्या.

कामाबद्दल विचारताना खाली खाली उतरत जा. "लाइन सुधारली" असं लिहिलंय? त्यात तुमच्या हातात काय होतं? तुमचं काम कुठं संपायचं आणि दुसऱ्याचं कुठं सुरू व्हायचं? काय बिघडलं होतं आणि ते कुणाच्या लक्षात आलं? तिसऱ्या पायरीवर खऱ्या माणसाची उत्तरं जास्त बारीक होतात, गोष्ट रंगवणाऱ्याची जास्त मोघम होतात. एका जागेच्या सगळ्या उमेदवारांना हेच प्रश्न याच क्रमानं विचारा. दोघं बसा, एकानं विचारायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं. गुण दोघांनी वेगवेगळे द्यायचे, चर्चा नंतर.

झापून हाकलणं यासाठी टाळायचं की तुमचा अंदाज चुकलेला असू शकतो. शिवाय तो माणूस उद्या शेजारच्याच शेडमध्ये असणार. खोलीत निकाल देऊच नका. "कागद तपासून आठवड्यात कळवतो" म्हणा, आणि खरंच कळवा.

कुठलं खोटं किती वजनाचं, हे मुलाखतीआधीच मालक, प्रॉडक्शन आणि तुम्ही बसून कागदावर ठरवा. माझं माप असं आहे: स्वतःचं काम थोडं चढवून सांगणं हे चाचणीवर सोडा. पगार फुगवणं याकडं मी फारसं बघत नाही; पगार तुमच्या ग्रेडप्रमाणं द्या, त्याच्या जुन्या आकड्यावर वीस टक्के चढवण्याची पद्धत ठेवलीत तर खोटं तुम्हीच मागवताय. आधीच्या ठिकाणी चोरी, मारामारी किंवा अपघातामुळं काढलं असताना ते लपवणं गंभीर आहे, पण त्याची बाजू ऐकून घ्या. बनावट कागद देणं, तिथं थांबा.

कुपवाड_एचआर

सगळ्यांचे आभार, हे फार उपयोगी आहे. एक अडचण मात्र खरीच येते. बोअर_गेज यांनी सांगितली तशी चाचणी एखादा झकास पार पाडतो, हात खरंच सोन्यासारखा, आणि आयटीआयचं प्रमाणपत्र मात्र बनावट निघतं. मग?

बोअर_गेज

मी म्हणेन, त्याला एक दार उघडं ठेवा. प्रमाणपत्र पटलावर यायच्या आधीच सगळ्यांना सांगा, "आयटीआय नसेल तरी चालेल, चाचणीवर ग्रेड ठरेल." आपल्या भागात दहावीनंतर थेट वर्कशॉपात जाऊन शिकलेले उत्तम सेटर आहेत. जाहिरातीत "आयटीआय अनिवार्य" असं छापून आपणच त्यांना बनावट कागदाकडं ढकलतो. ज्या कामाला कायद्यानं प्रमाणपत्र लागत नाही, तिथं ती अट काढून टाका.

अजिंक्यतारा

अट काढा, याला पूर्ण सहमती. पण कागद दिल्यानंतर, विचारल्यावरही तो "खराच आहे" असं म्हणत राहिला, तर हात कितीही चांगला असो, मी घेणार नाही. विशेषतः क्वालिटीच्या जागेवर. इन्स्पेक्टरचं कामच मुळी रिपोर्टवर खरा आकडा लिहिणं हे आहे. १०० टक्के तपासणी दाखवून दहाच जॉब मोजणारा माणूस ग्राहकाच्या लाइनपर्यंत सडका माल पोचवतो. स्वतःहून "साहेब, तो कागद मागे घेतो" म्हणाला, तर सेटर म्हणून विचार करता येईल, तोही खऱ्या पात्रतेच्या ग्रेडवर आणि लेखी नोंद ठेवून.

बॉयलर अटेंडंट, वायरमन आणि ड्रायव्हर या जागांवर मात्र दार वगैरे काही नाही. तिथं परवाना हा माणसांच्या जिवाशी जोडलेला आहे. मूळ परवाना बघायचा, देणाऱ्या कार्यालयाकडून खात्री करायची, आणि तोपर्यंत कामाला हात लावू द्यायचा नाही.

कामगार_कायदा

वर कायद्याचा भाग राहिलाय, तो थोडक्यात.

पडताळणीला लेखी संमती घ्या. कुठले कागद, कुणाकडं तपासणार, किती दिवस जपून ठेवणार, हे मराठीत लिहून सही घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे. मूळ प्रमाणपत्रं बघून लगेच परत करा, ठेवून घेऊ नका.

सध्याच्या मालकाला उमेदवाराच्या परवानगीशिवाय फोन करू नका. कुपवाड काय, सातारा एमआयडीसी काय, दुपारी केलेला फोन संध्याकाळपर्यंत त्याच्या सुपरवायझरला कळतो आणि त्याची आहे ती नोकरी जाते. जुन्या मालकाला फोन करताना अर्जातला मोबाइल नंबर वापरू नका. तो मित्राचा असतो. कंपनीच्या ऑफिसचा नंबर स्वतः शोधा. तारखा, हुद्दा, सोडण्याचं कारण आणि पुन्हा घ्याल का, एवढंच विचारा.

बनावट कागद खरा म्हणून वापरणं हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत फसवणूक कलम ३१८, बनावटीकरण ३३६ आणि बनावट दस्तऐवज वापरणं ३४० मध्ये येतं. तक्रार द्यायची की नाही, हा कंपनीचा निर्णय. पण "पोलिसात देईन" अशी धमकी देऊन काही लिहून घेऊ नका. आणि एचआरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "हा फ्रॉड आहे, घेऊ नका" म्हणून नाव-फोटो टाकणं ताबडतोब बंद करा. बदनामी कलम ३५६ मध्ये आहे, आणि तुमचा संशय चुकीचा निघाला तर एका पोराचं पोट मारल्याचं पाप वेगळंच.

नकार कळवताना "आपली निवड झालेली नाही" एवढंच लिहा.

रुजू झाल्यावर सापडलं तर गेट बंद करून मोकळं होता येत नाही. कारणे दाखवा नोटीस, खुलाशाला वाजवी मुदत, खुलासा पटला नाही तर चौकशी, आणि मग आदेश. प्रोबेशनवर असला तरी आदेशात "लबाडी" असा ठपका ठेवायचा असेल, तर चौकशी चुकत नाही. फौजदारी प्रकरण लपवल्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं अवतार सिंग प्रकरणात २०१६ साली बरंच मार्गदर्शन केलंय. ते सरकारी नोकरीबद्दलचं आहे, पण त्यातला विचार खासगी ठिकाणीही घेण्यासारखा आहे: काय लपवलं, ते किती गंभीर, आणि त्या पदाशी त्याचा संबंध काय, हे बघून ठरवायचं.

हिशेबनीस

अकाउंटंटबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. पाच बिलं द्या आणि टॅलीत नोंदवायला सांगा. त्यात एक बिल बेळगावच्या पुरवठादाराचं ठेवा. जीएसटी क्रमांक २९ नं सुरू होतो म्हणजे कर्नाटक, आपला २७. तिथं आयजीएसटी (राज्याबाहेरच्या खरेदीवरचा जीएसटी) लागणार. ज्यानं सांगली-मिरजेत खरंच खरेदी नोंदवलीय, त्याची नजर आधी या दोन आकड्यांवर जाते. दुसरं बिल असं ठेवा की जे २बी मध्ये (पोर्टलवर दिसणाऱ्या खरेदीच्या यादीत) आलेलं नाही, आणि विचारा की याचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) या महिन्यात घ्याल का? तारखाही विचारा: मासिक भरणाऱ्याचं जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) अकरा तारखेला, २बी चौदाला, ३बी (कर भरायचं रिटर्न) वीसला, टीडीएस सातला. "रिटर्न मीच भरायचो" म्हणणाऱ्याला हा क्रम झोपेतही येतो.

मुलाखत व्हिडिओवर असेल तर तोतया किंवा कुणाच्या तरी मदतीनं वाचून दाखवलेली उत्तरं, दोन्हींची शक्यता धरा. पूर्ण स्क्रीन शेअर करायला लावून टॅलीत नोंद करताना मोठ्यानं बोलायला सांगा. मधेच बिलातली रक्कम बदला. शेवटची फेरी प्रत्यक्षच घ्या, आणि व्हिडिओतला माणूस तोच आहे का, हे मुलाखत घेणाऱ्यानंच बघावं, गेटवरच्या सिक्युरिटीनं नव्हे.

कुपवाड_एचआर

अर्जाचा फॉर्मच बदलावा असं वाटायला लागलंय. त्यात काय घालू?

हजेरीपट

अनुभवाच्या रकान्यात "वर्षं" काढा आणि "कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत" असं घाला. शेजारी "रोल कुणाचा: कंपनी / कंत्राटदार / ॲप्रेंटिस / रोख पगार" असे चार चौकोन. रोख पगाराचा चौकोन नक्की ठेवा, नाहीतर छोट्या वर्कशॉपातला पोरगा नाइलाजानं कुठल्यातरी कंपनीचं नाव लिहितो. हुद्द्याखाली "तुम्ही स्वतः करायचात ते काम" अशी ओळ ठेवा आणि टिक करायला यादी द्या: लोडिंग, ऑफसेट, टूल बदल, जॉ बोअरिंग, नवीन जॉबचं सेटिंग, प्रोग्राम एडिट. खंडासाठी एक ओळ: "मधल्या काळात नोकरी नसल्यास कारण लिहा. खंड आहे म्हणून अर्ज बाद होत नाही." जुन्या पगाराचा रकाना काढून टाका आणि जाहिरातीत तुमची पगाराची पट्टी छापा.

शेवटी, सहीच्या वर: "वरील माहिती खरी आहे. कागद बनावट आढळल्यास निवड रद्द होईल, हे मला वाचून दाखवलं आहे." आणि खरंच वाचून दाखवा, मुलाखत सुरू व्हायच्या आधी. वाचून झाल्यावर फॉर्म त्याच्याकडं परत देऊन म्हणा, "काही दुरुस्त करायचं असेल तर आत्ता करा, खाडाखोड चालेल." पाच मिनिटं त्याला एकट्याला बसू द्या.